नुसतं खेळतंय, शिकतंय कधी? – बालशिक्षणावर जगभरात झालेल्या संशोधनाबद्दल

ओसरी

नमस्कार मंडळी,

मिरजेत घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी गेली अकरा वर्षं बालवाडी चालवते. तीन ते पाच वयाची अठरा मुलं आहेत. गेल्या सोमवारी एका मुलीचे बाबा कोरी दुरेघी वही घेऊन आले. वही माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बाई, जूनपासून ऑक्टोबर आला, वहीत एक अक्षर नाही. शेजारच्या पोराच्या तीन वह्या भरल्या. ही नुसती खेळतेय. शिकणार कधी?" चिडले नव्हते, काळजीत होते. दिवसभर काम करून फीचे पैसे वेळेवर आणून देणारा माणूस आहे.

त्याच वेळी त्यांची मुलगी मागे बसून चिंचोके वाटत होती. चार ताटल्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत एक, मग परत एकेक, मग परत एकेक. शेवटी दोन उरले. ती थोडा वेळ थांबली, चारही ताटल्यांकडे बघितलं, आणि ते दोन उचलून माझ्या हातात देत म्हणाली, "हे कुणालाच पुरत नाहीत." बाकी उरते म्हणजे काय, ते तिला कळलं होतं. बाबांची पाठ तिच्याकडे होती आणि मला ते नीट सांगता आलं नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत वाचायला बसले. मुळात माझं शिक्षण बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सचं, संशोधन वाचायची सवय नाही. शब्दकोश घेऊन, मुलाची मदत घेऊन वाचलं. त्यातलं एक काम इतकं मनात बसलंय की आधी तेच लिहिते.

जमैका देशातलं किंग्स्टन शहर, साल 1986-87. तिथल्या गरीब वस्त्यांमधली 9 ते 24 महिन्यांची 129 मुलं निवडली. कुपोषणामुळे या सगळ्यांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या डॉक्टर बाईंनी त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाची पावडर. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्यसेविका जायची आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची. तिसऱ्या गटाला दोन्ही. चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं.

सेविकेच्या पिशवीत काय असायचं? घरी केलेली खेळणी. रिकाम्या बाटल्या, डब्यांची झाकणं, कापडाची बाहुली, पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं. खेळणी आठवडाभर त्या घरात राहायची, पुढच्या आठवड्यात बदलून दुसरी यायची. आणि सेविका बाळाला स्वतः शिकवत बसायची नाही. ती आईला करून दाखवायची, मग आईकडून करून घ्यायची आणि आईचं कौतुक करायची. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सेविका आठवड्यात एक तास येणार, आई उरलेला सगळा वेळ असणार.

वीस वर्षांनी ती मुलं शोधून काढली. बाविशीला आली होती, कामाला लागली होती. ज्यांच्या घरी सेविका खेळायला जात होती, त्यांची कमाई, ज्यांच्या घरी ती जात नव्हती त्यांच्यापेक्षा साधारण 25 टक्क्यांनी जास्त निघाली. त्याच वस्त्यांतल्या, उंची न खुंटलेल्या मुलांच्या बरोबरीला ती कमाईत पोचली होती. नुसती दूध पावडर मिळालेल्यांमध्ये असा फरक इतकी वर्षं टिकला नव्हता. हा अभ्यास 2014 मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आला.

दूध पावडर फुकट गेली असं मी म्हणत नाही. पोटात अन्न पाहिजेच. पण आपण मूल म्हटलं की वजन बघतो, उंची बघतो, आणि पाच वर्षांचं झालं की एकदम वही बघतो. मधल्या काळात त्याच्याशी कोण बोललं, हे कुणी विचारत नाही.

इथे शिक्षक आहेत, अंगणवाडीत काम करणाऱ्या ताई आहेत, परदेशात मुलं वाढवणारे आहेत. ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा. मला त्या बाबांशी परत बोलायचं आहे.

बेरीजवजाबाकी

ताई, वाचून अंगावर काटा आला. पण एक शंका. 129 मुलं चार गटांत, म्हणजे गटात बत्तीस-तेहतीस. एवढ्याशा संख्येवरून जगाला सांगावं का?

ओसरी

शंका रास्त आहे. मलाही तेच वाटलं होतं. पण तीच पद्धत पुढे दुसऱ्या देशांत नेली, त्यात आपला ओडिशा आहे. कटक शहरातल्या वस्त्यांमध्ये 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने स्थानिक बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं आणि दीड वर्षात मुलांच्या आकलनात फरक दिसला. नंतर ओडिशाच्या खेड्यांत बायांचा गट जमवून तेच खेळ घेतले. घरोघरी गेल्याइतकाच उपयोग झाला आणि खर्च पुष्कळ कमी. अर्थात ती मुलं मोठी होऊन किती कमावतील हे बघायला अजून वेळ आहे. जमैकातल्या मुलांना मात्र एकतिसाव्या वर्षीही गाठलं होतं आणि फरक तेव्हाही टिकून होता.

पायवाट

मी पुण्यात शिक्षणक्षेत्रातल्या आकडेवारीचं काम करतो. ताईंनी उत्तम सुरुवात केली आहे, मी त्यात दोन अभ्यास जोडतो. दोन्ही अमेरिकेतले आणि दोन्ही एकत्र वाचायला हवेत, कारण एकाला धरून भाषणं होतात आणि दुसरा सोयीने विसरला जातो.

पहिला मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावातला, पेरी प्रीस्कूल या नावाने ओळखला जातो. 1962 ते 1967. गरीब कृष्णवर्णीय घरांतली तीन-चार वर्षांची 123 मुलं. 58 बालशाळेत गेली, 65 गेली नाहीत. रोज सकाळी अडीच तास शाळा, वीस-पंचवीस मुलांमागे चार शिक्षिका, आणि प्रत्येक शिक्षिका आठवड्यातून एकदा मुलाच्या घरी. सुरुवातीला या मुलांचा बुद्ध्यांक चांगला वाढला. प्राथमिक शाळेच्या दोन-तीन वर्षांत तो फरक पुसला गेला. तेव्हाच हिशेब बंद केला असता तर 'पैसे वाया गेले' असाच निकाल लागला असता. पण डेव्हिड वायकार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा माग सोडला नाही. चाळिशीत बघितलं तर बालशाळेत गेलेल्यांमध्ये शाळा पूर्ण केलेले जास्त, नोकरीत जास्त, अटक कमी. नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी हिशेब मांडला, तर गुंतवणुकीवरचा परतावा वर्षाला 7 ते 10 टक्के निघाला.

ताईंच्या कामाची गोष्ट आता. पेरीतल्या मुलांचा दिवस कसा जायचा? मूल आधी सांगायचं, आज मी काय करणार. मग ते करायचं. मग सगळ्यांना सांगायचं, मी काय केलं. आखणं, करणं, सांगणं, रोज. त्याच गावात पुढे आणखी एक अभ्यास झाला. 68 मुलं, तीन प्रकारच्या बालशाळा. एकीत शिक्षिका ठरलेले धडे घोटून घ्यायची, उरलेल्या दोनांत मुलांच्या खेळातून काम व्हायचं. अभ्यासात फार फरक पडला नाही. पण तेविसाव्या वर्षी, घोटून घेतलेल्या गटात भावनिक त्रासासाठी विशेष मदत लागलेली आणि गंभीर गुन्ह्यांत सापडलेली मुलं जास्त निघाली. संख्या फारच लहान आहे, म्हणून यावर एकट्यावर मी काही उभं करणार नाही. पण वही भरण्याची घाई झालेल्या पालकाला हे सांगावं असं नक्की वाटतं.

दुसरा अभ्यास टेनेसी राज्याचा. तिथे सरकारनेच चार वर्षांच्या गरीब मुलांसाठी वर्ग काढले. अर्ज जास्त आणि जागा कमी, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश. एकूण 2990 मुलांचा माग ठेवला, म्हणजे बेरीजवजाबाकी यांची शंका इथे फिटते. वर्षाच्या शेवटी प्रवेश मिळालेली मुलं पुढे होती. तिसरीपर्यंत तो फायदा संपला. आणि सहावीत? प्रवेश न मिळालेली मुलं परीक्षेत पुढे, आणि प्रवेश मिळालेल्यांच्या वागणुकीच्या तक्रारी जास्त. 2022 मध्ये हे छापून आलं तेव्हा पुष्कळ जण हादरले. त्यातल्या मुख्य संशोधक डेल फॅरन या बालशाळांच्या बाजूच्याच. तरी जे निघालं ते त्यांनी लपवलं नाही, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

तेव्हा 'बालवाडी चांगली की नाही' हा प्रश्नच अपुरा आहे. आत काय चालतं ते विचारा. फॅरन बाईंनी नंतर बोलताना वर्गांतल्या ज्या गोष्टींकडे बोट दाखवलं त्या आपल्याला ओळखीच्या वाटतील. सगळ्यांना एकत्र बसवून शिकवणं, रांगा लावण्यात आणि वाट बघण्यात गेलेला वेळ, आणि मूल बोलण्याऐवजी बाईच बोलत राहणं.

बेरीजवजाबाकी

पायवाट, धन्यवाद. टेनेसीचं पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या मुलाला साडेतीन वर्षांचा असताना घातलं होतं त्या शाळेत तोंडावर बोट ठेवून बसायला लावायचे. नाव सांगत नाही. तो घरी येऊन बाहुल्यांना तोंडावर बोट ठेवायला लावायचा. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता वाईट वाटतंय.

पाचवीची_ताई

मी अंगणवाडी सेविका आहे. जालना जिल्हा. मोबाइलवर लिहिते, चुकभूल समजून घ्या.

सगळं वाचलं. बरोबर आहे. पण माझा दिवस सांगते. दहाला उघडते. मदतनीस ताई पोरं गोळा करून आणते तोवर झाडलोट. हजेरी, मग पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये फोटो, नेट नसलं की रस्त्यावर जाऊन. खिचडीचं बघायचं. गरोदर बाई आली की तिची नोंद. टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं, वाटप असलं की दिवस त्यात. महिन्याचं वजन-उंची, लसीकरणाचा दिवस, सर्वे आला की सर्वे. मुलांना गोल करून बसवते, दोन गाणी म्हणते आणि परत कुणीतरी दारात येतं. बत्तीस मुलं आहेत. अर्धा तास नुसतं त्यांच्याशी बोलायला मिळाला तर तो दिवस चांगला.

अंगणवाडीसाठी 'आकार' नावाचा अभ्यासक्रम आहे, त्याचं प्रशिक्षण झालं. चांगलं होतं. खेळ, गोष्टी सगळं आहे त्यात. मन आहे करायचं. हात कमी पडतात.

पायवाट

ताई, तुम्ही लिहिलंत ते सरकारने वाचावं असं आहे. आणि तुमचं म्हणणं सिद्ध करणारा अभ्यास आपल्याच देशात झाला आहे.

तमिळनाडूतल्या 320 अंगणवाड्या घेतल्या. त्यातल्या काहींना चिठ्ठ्या टाकून एक जादा, अर्धवेळ बाई दिली. तिचं काम एकच, मुलांना शिकवणं. बाकी इमारत तीच, पुस्तकं तीच. मुलांना शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. जुन्या सेविकेला पोषणाच्या आणि नोंदीच्या कामाला जास्त वेळ मिळाला. दीड वर्षाने मोजलं तर गणितात आणि भाषेत मुलं स्पष्ट पुढे गेली होती. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की उंची खुंटलेली आणि तीव्र कुपोषित मुलंही कमी झाली. बाई शिकवायला दिली आणि कुपोषण घटलं! कारण सेविकेचा एक हात मोकळा झाला. कार्तिक मुरलीधरन, अलेहांद्रो गनिमियन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांचं हे काम आहे.

पाचवीची_ताई

हे आमच्या मुख्यसेविका मॅडमना पाठवते. बैठकीत वाचून दाखवा म्हणते.

चिकूवाडी

पालघर जिल्ह्यातल्या घोलवडचा आहे मी. तुम्ही जमैका, मिशिगन म्हणताय आणि माझ्या डोळ्यांसमोर कोसबादची टेकडी येतेय. आमच्या घरापासून लांब नाही. या धाग्यात ते आलंच पाहिजे.

इटलीतल्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी बाईंनी पहिलं बालगृह काढलं ते रोममध्ये, 1907 साली, सॅन लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत. हे आज शहरांतल्या भारी फीच्या मॉन्टेसरींकडे बघून खरं वाटत नाही. ती कामगारांची पोरं होती. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्या पद्धतीने काम करून आल्या, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पण ताराबाईंना पुढे टोचायला लागलं की हे शहरातल्या खात्यापित्या घरांपुरतंच राहतंय. म्हणून 1945 मध्ये त्या आमच्याकडे बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. 1957 पासून काम कोसबादला, वारली पाड्यांमध्ये.

मॉन्टेसरीची ती गुळगुळीत लाकडी साधनं पाड्यावर कुठून येणार? मग शंख, शिंपले, खडे, पानं, बिया, माती. मुलं केंद्रात येईनात तेव्हा बाई पाड्यावर गेल्या आणि अंगणातच शाळा भरवली. आज देशभर जो शब्द सरकारी पाटीवर आहे, 'अंगणवाडी', तो तिथल्या अंगणातला आहे. मोठी मुलं गुरं चारायला जायची तर कुरणशाळा काढली, गुरांमागे शाळा. धाकटं भावंड सांभाळायचं म्हणून मुली येत नाहीत हे बघितल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली, ती विकासवाडी.

माझी आजी त्या बालवाडीत मदतनीस होती काही वर्षं. ती सांगायची की पहिलं काम शिकवायचं नव्हतं. पहिलं काम मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची. आणि ते करताना बोलत राहायचं. हा तुझा कोपर, हे तुझं ढोपर, पाणी गार की कोमट. आजी म्हणायची, अर्धी भाषा पोरं अंघोळीतच शिकली.

तेव्हा हे कुणी गट पाडून मोजलं नाही. मोजायला हवं होतं असं आता वाटतं. जमैकाच्या सेविकेच्या पिशवीतलं आणि कोसबादच्या टोपलीतलं सामान एकच होतं.

ओसरी

चिकूवाडी, 'अर्धी भाषा अंघोळीतच' हे मी फळ्यावर लिहून ठेवणार आहे. आजींना नमस्कार.

दक्षिणवारा

मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहते. मूळची सातारची. कोसबादची पोस्ट वाचून लिहायला बसले, कारण इथे रोज जे बघते त्याच्याशी ते फार जुळतं.

इथला बालशिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम 1996 चा, 2017 मध्ये सुधारला. त्याचं नाव 'ते फारिकी'. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, भाषेत फारिकी म्हणजे विणलेली चटई, जिच्यावर सगळ्यांनी बसायचं. अभ्यासक्रमाला चटई म्हणायचं कारण असं की त्यात विषयांची उतरंड नाही, धागे आहेत. मुलाचं स्वास्थ्य, आपलेपणा, त्याचा सहभाग, संवाद आणि शोध. प्रत्येक बालवाडीने आपल्या मुलांप्रमाणे ते विणायचे. तो घडवताना माओरी जाणकार पहिल्यापासून सोबत बसले होते.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना शिक्षिकेने त्याच्या फाइलमध्ये एक पान लिहून ठेवलं होतं. ते त्यालाच उद्देशून होतं. मराठीत साधारण असं: 'आज तू नळाचं पाणी पन्हळीतून वाळूपर्यंत न्यायचा प्रयत्न केलास. तीनदा ते मध्येच सांडलं. चौथ्यांदा तू पन्हळीच्या मागच्या टोकाखाली वीट ठेवलीस. पाणी आलं तेव्हा तू मराठीत काहीतरी ओरडलास. आईला विचार, त्याचा अर्थ काय आणि आम्हाला सांग.' तो ओरडला होता, "आलं आलं आलं!" दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग पाणी सोडताना 'आलं' म्हणत होता. या लिहिण्याला इथे 'शिकण्याची गोष्ट' म्हणतात. मार्गारेट कार या बाईंनी ती पद्धत रुजवली. गुण नाहीत, टक्के नाहीत. मूल काय करायला बघत होतं आणि अडल्यावर त्याने काय केलं, ते लिहायचं.

ओसरीताई, त्या बाबांनी दिलेली कोरी वही परत करू नका. तिच्यात चिंचोक्यांची गोष्ट लिहा, तारीख घाला, आणि दर आठवड्याला एक अशी लिहून घरी पाठवा. 'कुणालाच पुरत नाहीत' हे वाक्य तर लिहाच.

आणखी एक. माओरी भाषा मरायला टेकली होती. 1982 मध्ये त्यांनी 'कोहांगा रेओ' काढल्या, म्हणजे भाषेची घरटी. आजी-आजोबा येऊन बाळांशी फक्त माओरीत बोलायचे. मधल्या पिढीला येत नव्हती, म्हणून आजीकडून थेट नातवाकडे. इथे आमची मराठी मुलं शाळेत गेली की घरी इंग्रजीत उत्तरं द्यायला लागतात, आणि पालक "चालतंय" म्हणतात. मला नाही चालत. दर शनिवारी सकाळी आम्ही चार घरं मिळून मुलांना मराठीत स्वयंपाकघरात घेतो. कल्पना त्या घरट्यांवरूनच घेतली.

चिकूवाडी

आमच्या पाड्यांवर वारली बोलणारं मूल पहिलीत पुस्तकी मराठीसमोर जाऊन बसतं. त्यालाही असं घरटं हवं. अनुताईंनी मुलांशी त्यांच्या बोलीतून सुरुवात केली होती.

बेरीजवजाबाकी

माझ्या विषयातलं एक सापडलं. दिल्लीत 'प्रथम'च्या बालवाड्यांमधल्या 1540 मुलांवर केलेला प्रयोग, 2017 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला. एलिझाबेथ स्पेल्की आणि एस्तेर डुफ्लो त्यात होत्या. सरासरी पाच वर्षांची मुलं. चार महिने गणिताचे खेळ खेळवले. कुठल्या पत्त्यावर ठिपके जास्त, कोणता आकार वेगळा, अशा प्रकारचे. मुलांची अंदाजाची जाण सुधारली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण शाळेत गेल्यावर आकडे, चिन्हं, बेरीज यांत ती मुलं पुढे गेली नाहीत.

म्हणजे ओसरीताई, तुमच्या बाबांची काळजी अगदीच बिनबुडाची नाही. ठिपके कळले म्हणजे '7' कळला असं होत नाही. खेळातून आकड्यापर्यंत जायला कुणीतरी पूल बांधावा लागतो.

ओसरी

हे वाचून मी दोन दिवस गप्प होते. पटलं. माझ्या वर्गात चिंचोके भरपूर आहेत आणि त्यांच्या शेजारी आकडा कुठेच नाही. वहीचा राग येऊन मी चिन्हंच हद्दपार केली होती, ही माझी चूक. आता पुठ्ठ्याचे आकडे कापले आहेत. ज्याने जितके वाटले तितक्याचा आकडा शोधून ताटलीत ठेवायचा. सक्ती नाही. पाच वर्षांची मुलं आपणहून येतात, तीनची नुसते आकडे चाटतात.

नवाबाबा

मूल चौदा महिन्यांचं. आम्ही दोघं नोकरीला, आई सांभाळते. बाळ जेवत नाही म्हणून मोबाइल लावून भरवते. मी कुठेतरी वाचलं की गरीब घरातलं मूल चार वर्षांत तीन कोटी शब्द कमी ऐकतं. आमच्या आईचा स्वभाव अबोल आहे. फार भीती वाटायला लागली आहे.

ओसरी

आधी ती भीती काढा. तीन कोटींचा आकडा कॅन्ससमधल्या फक्त 42 घरांच्या नोंदींवरून ताणून काढलेला आहे, 1995 च्या पुस्तकातला. 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी वेगवेगळ्या वस्त्यांत परत मोजलं. आईबरोबर घरातली इतर माणसंही धरली, आजूबाजूचं बोलणंही धरलं, तर तसा फरक दिसला नाही. आजी, काका, शेजारीण, दारावरचा भाजीवाला, सगळे मोजायचे असतात.

शब्दांच्या ढिगापेक्षा देवाणघेवाण महत्त्वाची. बाळाने बोट दाखवलं, आपण तिकडे बघून "कावळा" म्हटलं, ते "काका" म्हणालं, आपण "हो, काव काव" म्हटलं, आणि मग त्याच्या पाळीसाठी थांबलो. हे थांबणं मोबाइलला येत नाही. अबोल आजीला हे सहज जमेल, उलट बडबड्या माणसाला थांबायला शिकवावं लागतं. इंग्लंडमध्ये 1997 पासून तीन हजारांवर मुलांचा मोठा अभ्यास झाला. आईबाप कोण आहेत यापेक्षा ते मुलाबरोबर घरात काय करतात याला जास्त महत्त्व, असं त्यात निघालं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मिळून एक तक्ता केला आहे, कोणत्या वयात काय खेळायचं त्याचा. या वयाला त्यात आहे, एकावर एक रचायच्या वस्तू, डब्यात टाकायच्या आणि काढायच्या वस्तू. आईंना एक डालडाचा डबा, चार वाट्या, दोन कांदे, एक बटाटा द्या. चिंचोके, शेंगदाणे या वयात नकोत, नाकातोंडात जातात. जेवताना वाटी बाळाच्या हातात द्या. सांडेल. सांडू दे.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत, छापूनही घेता येतात. आणि अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करायच्या असंख्य कृती आहेत, मराठी पुस्तकंही आहेत. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं तेच काम केलं.

नवाबाबा

खूप आभार. आईला वाचून दाखवलं. "थांबायला मला येतं" म्हणाली.

पायवाट

ओसरीताई, त्या बाबांचं पुढे काय झालं?

ओसरी

शनिवारी त्यांना तासभर वर्गात बसायला बोलावलं. आले. मुलीने त्यांना ताटलीत पाच चिंचोके आणि '5' आणून दिला, आकडा उलटा होता. त्यांनी तो सरळ केला. तिने परत उलटा केला आणि सांगितलं, "माझ्या बाजूने असाच आहे." ती समोर बसली होती. ते मोठ्याने हसले.

वहीत मी तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत, दक्षिणवारा म्हणाली तशा. त्यांनी वाचल्या, बायकोलाही वाचून दाखवल्या. पण जाताना दारात थांबून म्हणाले, "बाई, हे सगळं खरं. पण पहिलीच्या प्रवेशाला तिला लिहायला लावतील ना?" ज्या शाळेत घालायचं म्हणतात तिथे खरंच लावतात, मला माहीत आहे. त्यांना खोटा धीर मी दिला नाही. नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, खेळ आणि कृतीतून शिकण्याचा, म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा त्यातच येते. कागदावर आहे. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायची वेळ मागितली आहे.

पाचवीची_ताई

मुख्यसेविका मॅडमनी बैठकीत तमिळनाडूचं वाचून दाखवलं. जादा बाई काही लगेच मिळणार नाही. पण आम्ही सहा जणींनी ठरवलं, महिन्याच्या वजनाच्या दिवशी आया येतातच, त्या दिवशी एक खेळणं करून घ्यायचं आणि घरी न्यायला द्यायचं. पुढच्या महिन्यात बदलून द्यायचं.

काल पहिल्यांदा केलं. पाण्याच्या छोट्या बाटलीत खडे आणि रंगीत कापडाचे तुकडे. अकरा आया होत्या. एक बाई कधीच बोलत नाही, वजन झालं की जाते. तिने बाटली बाळाच्या उजव्या कानाजवळ वाजवली, बाळाने मान वळवली. मग डावीकडे. मग तिने बाटली पदराखाली लपवली. बाळ पदर ओढायला लागलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, ह्याला कळतंय की."

एक अडचण आहे. टोपण निघतं, चिकटपट्टी दोन दिवस टिकत नाही. खडे तोंडात गेले तर काय. काय लावता तुम्ही?

ओसरी

पट्टी नको. टोपण घट्ट फिरवायच्या आधी आटीला आतून एम-सील लावा, रात्रभर वाळू द्या. देण्याआधी स्वतः जोर लावून उघडून बघा. आणि खड्यांऐवजी मोठे सागरगोटे घ्या, बाटलीच्या तोंडातून जेमतेम जातील एवढे.